संकेत आणि चक्रवाक

कवितेत पक्षी आला की समासात 'प्रतीक' असे लिहून पुढे जाण्याची सवय आपल्या वर्गांना जडली आहे. चक्रवाक म्हणजे विरह, चातक म्हणजे आस, हंस म्हणजे आत्मा ही समीकरणे पाठ असली की गुण मिळतात. पक्षी पाहण्याची गरज उरत नाही. ही सवय समीक्षेलाच घातक आहे, असे आम्हांस वाटते.

राजशेखराने 'काव्यमीमांसे'त कविसमयांची चर्चा केली आहे. रात्री चक्रवाकाची जोडी नदीच्या दोन तीरांवर विलग होते, ही कल्पना त्याने प्रत्यक्षात नसूनही कवींनी परंपरेने बांधलेल्या गोष्टींत धरली. संकेताला संकेत म्हणणे त्याला शक्य झाले, कारण संकेताबाहेरचा पक्षीही त्याच्या हिशेबात होता. आपल्या विद्यार्थ्यापाशी केवळ संकेतच असेल, तर कवीने वास्तवापासून कोठे व का फारकत घेतली, हे तो कशाच्या आधारे ओळखणार?

म्हणून शरदातला एक दिवस नांदूर मधमेश्वरला घालवावा. निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा झाला. साचत गेलेल्या गाळातून तेथे बेटे व दलदल तयार झाली. पाणीसाठ्याची ती तूट पक्ष्यांच्या पथ्यावर पडली. २०२० मध्ये रामसर यादीतील समावेश जाहीर झालेले हे महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र. पाऊस ओसरला की तेथे उत्तरेकडचे पाहुणे उतरू लागतात: पसरट चोचीचा थापट्या, टोकदार शेपटीचा तलवार बदक, आणि लडाख-तिबेटाकडे वीण करणारा केशरी चक्रवाक. दिवसा तो बहुधा जोडीदारासह काठावर विसावलेला दिसतो. त्याचे चरणे बरेचसे रात्री चालते. अंधारात पाण्यावरून आलेली त्याची हाक ऐकून कोणा पूर्वजाला विरह सुचला असावा, असा आमचा तर्क आहे.

काव्यातला पक्षी पक्षिशास्त्राला बांधील नसतो, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु पाहणे आणि रूपक रचणे ही परस्परविरोधी कामे नव्हेत. अंगाने काळा, कपाळी पांढरा टिळा मिरवणारा तो 'वारकरी'. काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी तांबडा ठिपका असणारे ते 'हळदीकुंकू' बदक. ही नावे देणाऱ्यांनी आधी नीट पाहिले, मगच रूपक केले. मारुती चितमपल्लींच्या 'पक्षीकोशा'त पक्षिनामांचे हे धन जतन झाले आहे. पण नाव कोशात राहिले आणि पाणथळ बुजली, तर त्या रूपकाचा अर्धा भाग आपण गमावलेला असेल.

पाणथळ राखणे हे केवळ पर्यावरणवाद्यांचे काम नाही. साहित्याच्या अध्यापकाने विद्यार्थ्यांसह दुर्बीण घेऊन तेथे जावे. तोही काव्यशास्त्राचाच तास होय.