थडग्यावरची ओळ कुणाच्या भाषेत?

पाटीवर कन्नड ६० टक्के हवं, हा हिशेब आता बेळगावातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. निदान मेल्यावर तरी माणूस या हिशेबातून सुटत असेल असं वाटतं. सुटत नाही. इंग्लंडातलं एक प्रकरण सांगतो. आहे लांबचं, पण वाचताना तसं वाटणार नाही.

कॉव्हेंट्री शहराला लागून एक्सॉल नावाचं गाव आहे. आयर्लंडात जन्मलेली, पण कॉव्हेंट्रीत अख्खा संसार केलेली एक बाई २०१८ साली वारली. तिला तिथल्या सेंट जाइल्स चर्चच्या आवारात पुरलं. घरच्यांना दगडावर आयरिश भाषेत एक ओळ हवी होती. अर्थ एवढाच, ‘आमच्या हृदयात कायम’. त्यात ना झेंडा, ना मागणी.

आता तिथली पद्धत बघा. चर्चच्या आवारातली जागा घरच्यांच्या मालकीची होत नाही. दगड उभा करायचा तर परवानगी लागते. उंची किती, जाडी किती, दगड कुठल्या जातीचा, त्यावर काय लिहायचं, सगळ्याला नियम. साधा दगड असला तर स्थानिक धर्मगुरू हो म्हणू शकतात. नियमाबाहेरचं काही असलं की चर्चच्या न्यायालयात अर्ज करायचा. हे प्रकरणही तिथं गेलं. मे २०२० मध्ये निकाल लागला. आयरिश घडणीच्या क्रॉसला न्यायाधीशांची हरकत नव्हती, अडलं ते ओळीवर. इंग्रजी भाषांतर सोबत नसेल तर बहुतेकांना ती कळणार नाही, आणि आयरिश भाषेशी जोडलेल्या भावना बघता ती घोषणा किंवा राजकीय विधान वाटण्याचा धोका आहे, असं त्यांनी म्हटलं.

म्हणजे तेच दुःख इंग्रजीत कोरलं तर दुःख, आणि आईच्या भाषेत कोरलं तर राजकारण! आपल्याला हे कुणी वेगळं समजावून सांगायला नको. आणि कळत नाही म्हणाल, तर इंग्लंडातल्या जुन्या चर्चांच्या भिंती लॅटिन लेखांनी भरल्यात. त्या किती जणांना वाचता येतात? पण लॅटिनची भीती कुणालाच वाटत नाही.

सगळेच नियम वाईट, असं मी म्हणत नाही. सैल झालेला दगड अंगावर पडून पोरं दगावल्याच्या घटना ब्रिटनमध्ये घडल्या आहेत. पाया, उंची, वजन यांचे नियम हवेतच. पण सुरक्षेच्या नियमाचं बोट धरून दुसरे नियम आत शिरतात आणि त्यामागे धंदाही असतो. अमेरिकेत बऱ्याच स्मशानभूमींत उभा दगड चालतच नाही, जमिनीलगत सपाट पट्टीच हवी. कारण सांगतात गवत कापायला सोपं. कॅलिफोर्नियाच्या फॉरेस्ट लॉननं १९१७ पासून ही चाल रूढ केली. मग ती पट्टी स्मशानभूमीच विकते, आणि बाहेरून आणली तर ‘बसवण्याचा खर्च’ वेगळा लावते. दुःखातला माणूस घासाघीस करत नाही, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

भाषांतराच्या अटीतही पैसा आहे. तिकडे कोरणारे कितीतरी कारागीर अक्षरागणिक दर लावतात. एका ओळीच्या दोन ओळी झाल्या की खर्च वाढला. अट घालणारा एक आणि बिल भरणारा दुसराच. (जाता जाता: इंग्लंडच्या बहुतेक चर्च-आवारांत पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट चालत नाही. थडग्यांसाठी परदेशी जाणाऱ्या अशा ग्रॅनाइटमध्ये आपल्या कर्नाटकातला दगडही असतो.)

कुटुंबानं हार मानली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘कोर्ट ऑफ आर्चेस’ या वरच्या चर्च-न्यायालयानं आधीचा निकाल फिरवला. ओळ आयरिशमध्ये, भाषांतराशिवाय. एका ओळीसाठी किती वर्षं गेली ते मोजा. वकील, अर्ज, वर्तमानपत्रं हे सगळं ज्यांना झेपलं नसतं, त्यांनी गप्प बसून इंग्रजी कोरून घेतलं असतं. अशा किती जणांनी घेतलंही असेल.

आपल्याकडे कुणी म्हणेल, आम्ही तर दहन करतो, आम्हाला काय त्याचं? सीमाभागात लिंगायत पुरतात, मुस्लिम पुरतात, ख्रिस्ती पुरतात. मराठी काही फक्त चितेवर जाणाऱ्यांची भाषा नाही. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी बेळगावातच जन्मले. कबरीवर मराठी, उर्दू, कन्नड, कोकणी यातलं काय कोरायचं ते घरच्यांनी ठरवावं.

आणि हे म्हणताना आपल्यालाही एक गोष्ट मान्य करावी लागेल. जत, अक्कलकोटकडच्या कन्नड घरातली समाधी कन्नडमध्येच असेल, आणि खाली मराठी का नाही असं विचारायचा आपल्याला अधिकार नाही. तिकडे कुणी तशी सक्ती करू लागला तर त्याला आधी आपण थांबवायचं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी खुशाल खाली लिहा, वाद घालू.

तोवर एक करा. तुमच्या गावची दफनभूमी ग्रामपंचायतीची, पालिकेची, चर्चची की जमातीची, ते विचारून घ्या. दगडाचे आणि मजकुराचे नियम असतील तर लेखी मागा. पंचायत किंवा पालिकेची असेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका. तोंडी ‘चालतंय की’वर विसंबून दगडवाल्याला आगाऊ पैसे देऊ नका, नाव कोरलेला दगड कोण परत घेतो?