डोंगरावरील अंधार आणि शहरांतील उजेड

अमावास्या जवळ आली कीं अमरावती-अकोल्याकडील छायाचित्रणाचे हौशी लोक कॅमेरे घेऊन चिखलदऱ्याची वाट धरतात. त्यांच्या हौसेला आमचा विरोध नाहीं. विरोध आहे तो तिच्यांतील सोईस्कर विस्मृतीला. तिपाईवर कॅमेरा ठेवून वीस-पंचवीस सेकंद भिंग उघडें ठेवावें, तेव्हां कोठें आकाशगंगेचा पट्टा उमटतो. मध्येंच कोणी विजेरी पेटविली तर साऱ्यांचीं चित्रें बिघडतात. म्हणून तेथें प्रत्येक जण दिव्याला जपतो. डोंगरावर एका रात्रीपुरतें सुचणारें हें शहाणपण घरच्या गच्चीवर कां सुचूं नये? अकोल्याच्या मुलाला आकाशगंगा पाहण्यासाठीं मेळघाट गांठावा लागावा, ही नामुष्की कोणाची?

‘दिवे नसले तर रस्त्यांत भय वाढेल,’ असा आक्षेप येईल. पण दिवे विझवा असें म्हणतो कोण? त्यांस वरून आच्छादन घाला, एवढेंच मागणें आहे. आभाळाकडे फेकलेला उजेड वाटसरूच्या पायांपाशीं पडत नाहीं. त्याचें बिल मात्र नागरिकांसच भरावें लागतें. नागपूर जिल्ह्यांतील पेंच व्याघ्रप्रकल्प २०२४ सालीं देशांतील पहिलें ‘डार्क स्काय पार्क’ ठरला, तो केवळ घनदाट वनामुळें नव्हे. वाघोली, सिल्लारी इत्यादि गांवांत शंभरांहून अधिक दिव्यांच्या जागीं खालीं प्रकाश टाकणारे दिवे बसविले गेले. खेड्यांना जें साधलें, तें वऱ्हाडांतील शहरांस साधूं नये काय?

छायाचित्रांचीं प्रदर्शनें खुशाल भरवावींत. पण त्यांतील एक चित्र आणि एक अर्ज महानगरपालिकेच्या दारींही पोंचवावा. नाहीं तर हा ताऱ्यांचा छंद म्हणजे अंधारांत केलेली सहल, याहून अधिक कांहीं नव्हे.