विटेवर उभा देव आणि काउंटरमागे उभा माणूस

रात्री नऊनंतर पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरील कापडदुकानांची दारे एकेक करून ओढली जाऊ लागतात. गिऱ्हाईक गेलेले असते, मालक गल्ल्याचा हिशेब करीत असतो आणि दिवसभर उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालून त्या पुन्हा मांडणीत लावण्याचे काम तेवढे उरलेले असते. हे काम बहुधा दुकानातील सर्वांत वयस्क नोकराकडे येते, कारण घडीवर त्याचा हात बसलेला असतो. वय साठीच्या पुढे, गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर सकाळच्या बुक्क्याची पुसट खूण आणि पोटऱ्यांवर फुगून आलेल्या निळ्या शिरा. हा माणूस एखाद्याच दुकानात आहे असे नाही. पुण्यात आहे तसा तो सोलापुरात, नागपुरात आणि तालुक्याच्या प्रत्येक बाजारपेठेत आहे.

तरुणपणी तो गादीवर बसून साड्या दाखवीत असे. पांढऱ्या चादरीच्या गादीवर गिऱ्हाईकही बसे आणि विक्रेताही बसे. पुढे दुकानांचे नूतनीकरण झाले, गादी गेली, काचेचे काउंटर आले. गिऱ्हाईकासाठी स्टूल आले; काउंटरमागच्या माणसासाठी काहीच आले नाही. लगनसराईत आणि दिवाळीच्या हंगामात तो दहा-बारा तास उभा असतो. वरच्या फळीवरील थप्पी काढण्यासाठी शिडी चढावी लागते आणि हल्ली ती चढताना गुडघा दगा देतो. पगारातून मागच्या उचलीचे पैसे कापले जातात. एखादे गिऱ्हाईक पन्नास साड्या पाहून रिकाम्या हाताने गेले, तर तरुण मालक चारचौघांत विचारतो, "काका, आता होत नाही का?" या प्रश्नात विचारपूस किती आणि धमकी किती, हे काकांना नेमके ठाऊक असते.

तरीही हा माणूस खचलेला दिसत नाही. पहाटेच्या बसमध्ये त्याचा हरिपाठ होतो. एकादशीला तो उपाशीपोटी उभा राहतो आणि त्याबद्दल अवाक्षर काढीत नाही. आषाढीच्या वारीत पायी जाण्याइतकी रजा त्याला कधीच मिळाली नाही. म्हणून ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, तेव्हा जेवणाची सुट्टी त्या पायी खर्च करून तो दर्शन घेऊन येतो. पाय फार दुखले की तो हसून म्हणतो, "विठोबा तरी कुठे बसलाय?"

पुरोगामी म्हणवणारे अनेक जण या श्रद्धेकडे दुरूनच पाहतात आणि तिला भोळेपणाच्या खात्यात टाकून मोकळे होतात. ही घाई बरी नव्हे. ज्या माणसाला मालक केवळ हात म्हणून ओळखतो, त्याला माउली म्हणून हाक मारणारे आणि त्याच्याही पाया पडणारे लोक दिंडीत आणि भजनात भेटतात. दिवसभर गमावलेली प्रतिष्ठा त्याला तेथे परत मिळते. या आधारावर हसण्याचा अधिकार ज्यांनी त्याला दुसरा कोणताही आधार दिला नाही त्यांना नाही.

परंतु प्रश्न येथे संपत नाही. किंबहुना येथेच सुरू होतो. श्रद्धेमुळे येणाऱ्या सोशिकपणाची बाजारात एक किंमत असते आणि ती मालकाला बरोबर कळते. माळकरी माणूस गल्ल्याला हात लावीत नाही, दारू पिऊन येत नाही, उलट उत्तर देत नाही. अशा नोकराला मालक 'देवमाणूस' म्हणतो आणि पगारवाढ मात्र दुसऱ्याला देतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर कामगाराची श्रद्धा ही धंद्याला मिळणारी, कोणत्याही जमाखर्चात न दिसणारी सवलत ठरते. वेतन, विश्रांती आणि निवृत्तिवेतन यांतील तूट विठ्ठल भरून काढतो आणि नफा दुकानात राहतो.

ही तूट कायद्यानेच कशी वाढवली, हे पाहिले पाहिजे. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात कामगारांच्या किमान संख्येची अट नव्हती. एकच नोकर ठेवणारा दुकानदारही त्याच्या कक्षेत येत असे. त्याच्या जागी आलेला २०१७ चा कायदा मुख्यतः दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू करण्यात आला. त्याखालच्या दुकानाने केवळ माहिती कळवावी, एवढेच बंधन उरले. नव्या कायद्यात आठ नैमित्तिक रजा आहेत, आठ सणांच्या भरपगारी सुट्ट्या आहेत, सलग कामानंतर विश्रांती आहे. पण आठ-नऊ नोकरांच्या दुकानातील काकांना त्याचा उपयोग काय? पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा दहावरून वीसवर नेण्यास आणि कामाचे दैनंदिन तास नऊवरून दहा करण्यास मंजुरी दिली. व्यवसायसुलभता असे या धोरणाचे नाव आहे. ती कोणासाठी सुलभ, हे सांगण्याची गरज नाही.

म्हातारपणाची व्यवस्था याहून विदारक आहे. भविष्यनिर्वाह निधीसाठी वीस कामगारांची अट आहे. ग्रॅच्युइटीसाठी १९७२ च्या कायद्यात दहांची होती आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही दहांचीच आहे. एकाच छताखालचे दुकान भावाभावांच्या नावांवर वेगवेगळे दाखवले की दोन्ही अटी चुकवता येतात. ज्यांचा निधी कापला गेला, त्या भाग्यवंतांना १९९५ च्या योजनेखाली मिळणारे किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरवण्यात आले. ज्यांचा कापला गेला नाही, त्यांच्यासाठी २०१९ ची श्रमयोगी मानधन योजना आहे. तीत प्रवेशाचे वय १८ ते ४०. ई-श्रम नोंदणी वयाच्या ५९ पर्यंत. राज्याची श्रावणबाळ योजना ६५ नंतर, तीही दारिद्र्य सिद्ध केल्यावर. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ६० ते ७९ या वयोगटासाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये. त्रेसष्ट वर्षांचा, अजून काउंटरमागे उभा असलेला माणूस या सर्व चाळण्यांतून खाली पडतो. शासनाच्या दृष्टीने तो कामगार म्हणून उशिरा आलेला असतो आणि वृद्ध म्हणून लवकर!

श्रद्धा आणि हक्क यांचे वैर आहे, असे मानण्याचे कारण नाही. महाराष्ट्राचा इतिहास वेगळे सांगतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुट्टी मागताना रविवार हा खंडोबाचा वार असल्याचा मुद्दा मांडला आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांना ती सुट्टी मान्य करावी लागली. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, तेव्हा त्यांनी विठ्ठल नाकारला नव्हता. विठ्ठलावरील मक्तेदारी नाकारली होती. भक्ताच्या मनातील समतेची ओढ संघटनेच्या मार्गावर आणता येते, हा या दोन्ही घटनांचा धडा आहे.

मार्गही अज्ञात नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाचा मालक कोण, हा वाद बाजूला ठेवला. मालकांकडून मजुरीवर लेव्ही घेऊन त्रिपक्षीय मंडळामार्फत वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी देण्याची व्यवस्था त्याने उभी केली. मालक बदलला तरी हमालाची नोंद आणि त्याची पुंजी मंडळाकडे राहते. छोट्या दुकानांतील नोकरांसाठी असेच बाजारपेठनिहाय मंडळ का असू नये? किमान वेतनाच्या निम्म्याइतके सार्वत्रिक निवृत्तिवेतन, ही बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांनी पेन्शन परिषदेतून मांडलेली मागणी आजही तितकीच रास्त आहे. आणि बसण्याचा हक्क? कोझिकोडच्या मिठाई तेरुवूतील दुकानांत राबणाऱ्या स्त्रियांनी पेन्कूट्टु या संघटनेमार्फत तो लढून मागितला. केरळने २०१८ मध्ये, तमिळनाडूने २०२१ मध्ये तो कायद्यात घातला. एका स्टुलाची किंमत कोणत्याही दुकानदाराला जड नाही. जड जाते ती नोकर बसलेला पाहण्याची सवय.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी कारखान्याच्या फाटकावर जसे जावे, तसे रात्री साडेनऊला या दुकानांच्या मागच्या दारावरही गेले पाहिजे. पाच-सात नोकरांच्या दुकानात युनियन उभी राहत नाही. पण एका रस्त्यावरील शंभर दुकानांची मिळून उभी राहू शकते. तेथे जाताना देव आहे की नाही, हा वाद घेऊन जाण्याचे प्रयोजन नाही. पुंडलिकाची कथा त्या माणसाला पाठ आहे, ती त्याच्याकडूनच ऐकावी. म्हाताऱ्या आईबापांची सेवा अर्धवट टाकून पुंडलिक देवाच्या स्वागताला उठला नाही. त्याने वीट पुढे केली आणि देवाला थांबावे लागले. वृद्धांचा मान आधी, देव नंतर, असा क्रम खुद्द देवाने मान्य केल्याचे ती कथा सांगते. त्या विटेपुढे दरवर्षी आषाढीला राज्याचा मुख्यमंत्री शासकीय महापूजा करतो. त्या शासनाने हा क्रम आता कायद्यात मान्य करावा आणि काउंटरमागे चाळीस वर्षे उभ्या असलेल्या माणसाला बसण्याची परवानगी द्यावी.