जमीन वाढली नाही, मग किनारा कसा वाढला?

भारताचा समुद्रकिनारा किती लांब? शाळेत आपण ७,५१६.६ किलोमीटर पाठ केलं. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अहवालात आता तो ११,०९८.८१ झालाय. महाराष्ट्राचा ६५२.६ वरून ८७७.९७. जमीन तर वाढली नाही, मग हे कसं झालं?

मुख्य कारण म्हणजे मोजमाप बारीक झालं. जुना आकडा १९७० च्या दशकातला, १:४५ लाख प्रमाणाच्या नकाशावरचा. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे साडेचार किलोमीटर! लहान खाड्या दिसणार कशा? नव्या मोजणीत प्रमाण १:२.५ लाख आहे, म्हणजे एक मिलिमीटरला २५० मीटर. जितकं झूम करू, तितकी नवी वळणं. बेन्वा मँडेलब्रॉटने १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल हेच दाखवलं आणि १९७५ मध्ये अशा आकारांना ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिलं.

हे हायस्कूलमध्ये शिकवता येईल का? मला वाटतं, नक्की. आणि त्यासाठी समुद्र लागत नाही. गोंदिया जिल्ह्यातलं चिचगड घ्या. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण हा जिल्हाच तलावांचा. गूगल अर्थमध्ये जवळचा एखादा तलाव उघडा. मोजपट्टीने काठ मोजा: आधी दर १०० मीटरवर एक बिंदू, मग दर २० मीटरवर. माणसाने बांधलेली सरळ पाळ जवळपास तेवढीच भरेल. पण जिथे पाणी शेतात, जंगलात शिरतं, तो काठ वाढत जाईल. फ्रॅक्टल म्हणजे काय, ते या फरकातच कळतं. नेट नसेल तर छापील नकाशा आणि कंपासपेटीतला डिव्हायडर पुरे.

पुढची पायरी वहीत. एका रेषेचे तीन भाग करा, मधला काढून तिथे त्रिकोणाच्या दोन बाजू जोडा. लांबी ४/३ पट झाली. प्रत्येक तुकड्यावर पुन्हा तेच करा. अशा दहा फेऱ्यांत लांबी सुमारे १८ पट होते, तरी चित्र वहीच्या त्याच पानावर मावतं! हा कॉखचा वक्र, १९०४ चा. दहावीच्या भूमितीत समरूपता आहेच, तिचाच हा पुढचा धडा.

अडचण परीक्षेची आहे. तिथे प्रश्नाला एकच बरोबर उत्तर लागतं. इथे उत्तराआधी विचारावं लागतं, ‘कुठल्या मापाने?’ एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालेल्या टप्प्यांनुसार राज्यात नववीचा नवा अभ्यासक्रम २०२७-२८ मध्ये येणार आहे. त्यात फक्त नवा आकडा छापला, तर पोरं तोही पाठ करतील. आकडा का बदलला, हे शिकवायची संधी मात्र जाईल.