शेवटचा शिक्का

मूत्रपिंडाच्या दीर्घ विकाराने ग्रासलेल्या रुग्णाच्या घरी फ्रिजमध्ये एरिथ्रोपोएटिनची लहानशी कुपी जपून ठेवलेली असते. तांबड्या पेशी घडवण्याचा निरोप अस्थिमज्जेला देणारे हे संप्रेरक निरोगी मूत्रपिंड स्वतःच निर्माण करते. मूत्रपिंड थकले की रक्तक्षय वाढतो आणि तोच निरोप इंजेक्शनद्वारे द्यावा लागतो. हा निरोप्या रक्तात किती काळ टिकेल, हे बऱ्याच अंशी त्याच्या अंगावरील एका शर्करेवर अवलंबून असते. तिचे नाव सायलिक आम्ल.

स्वीडनमधील उप्साला येथे गुन्नार ब्लिक्स यांनी १९३६ मध्ये गाईच्या लाळग्रंथीतील चिकट स्रावातून ही आम्लधर्मी शर्करा वेगळी केली. लाळेच्या ग्रीक नावावरूनच पुढे तिचे नामकरण झाले. ती प्रथिनांना किंवा स्निग्ध पदार्थांना आपोआप चिकटत नाही. पेशीतील गॉल्गी संकुलात सायलिल ट्रान्सफरेज नावाची विकरे ती एका वाहक रेणूवरून उचलतात आणि शर्करासाखळीच्या टोकाला जोडतात. मानवी शरीरात अशी २० विकरे असून प्रत्येकाच्या जोडणीची रीत ठरलेली आहे. माल बांधून झाल्यावर पेढीबाहेर जाण्यापूर्वी गाठोड्यावर शिक्का उमटावा, तसेच हे काम.

या शिक्क्याचे मोल अनपेक्षितपणे उमगले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अनातोल मॉरेल, गिल्बर्ट ॲशवेल आणि त्यांचे सहकारी तांबे बाळगणाऱ्या सिरुलोप्लाझ्मिन या प्रथिनाचा अभ्यास करीत होते. त्यांनी त्यावरील सायलिक आम्ल काढून ते सशांच्या रक्तात सोडले. एरवी दीर्घकाळ रक्तात फिरणारे हे प्रथिन काही मिनिटांतच नाहीसे झाले. यकृताने ते टिपून घेतले होते. सायलिक आम्ल निघताच त्याखालची गॅलॅक्टोज शर्करा उघडी पडते आणि यकृतातील ग्राहक रेणू तिला ओळखतो. ती गॅलॅक्टोजही काढून टाकली, तेव्हा प्रथिन पुन्हा रक्तात टिकू लागले.

एरिथ्रोपोएटिनची कथा हीच. सायलिक आम्ल काढलेले हे संप्रेरक परीक्षानळीत उत्तम काम करते. शरीरात मात्र यकृत ते त्वरेने काढून घेत असल्याने निष्प्रभ ठरते. औषधनिर्मितीत नेहमी वापरले जाणारे जिवाणू अशा साखळ्या चढवू शकत नाहीत. म्हणून हे औषध हॅमस्टर या प्राण्याच्या पेशींत घडवतात. १९५७ मध्ये मिळवलेल्या त्या पेशींचा वंश तेव्हापासून प्रयोगशाळेत वाढत आहे. पुढे संशोधकांनी याच रेणूवर दोन अधिक साखळ्या बसवल्या. सायलिक आम्लाचे कमाल रेणू १४ वरून २२ वर गेले आणि रक्तातील मुक्काम सुमारे तिप्पट झाला. आठवड्यातून तीनदा घ्यावी लागणारी सुई अनेकांना आठवड्यातून एकदाच पुरेशी ठरू लागली.

मात्र शिक्के वाढले की हितच होते, असे नाही. अनेक कर्करोगपेशी स्वतःवर सायलिक आम्लाचा जाड थर चढवून प्रतिकारशक्तीची नजर चुकवतात. तेथे याच विकरांना आवर घालण्याचे प्रयत्न चालू आहेत.

घरातील कुपीचे पथ्य साधे आहे. ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी, गोठू देऊ नये, जोराने हलवू नये. नाव सारखे वाटले तरी एका औषधाऐवजी दुसरे वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दोहोंची मात्रा आणि अंतर वेगळे असू शकते.