पद्मिनीचा पत्रा

परवां शिरूर अनंतपाळांत एका लग्नघरापुढें जुनी प्रीमियर पद्मिनी नव्या मोटारीशेजारीं उभी होती. (मुंबईंतील पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरांत आमच्यासारखीच सेवानिवृत्त झाली.) तिच्या टपावर थाप मारून आम्ही उद्गारलों, "याला म्हणावें पत्रा! नवीचा बोटानेंहि दबेल."

पाहुण्यांतले एक मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, धडकेंत हा सहज दबत नाहीं, म्हणून धक्का आंतल्या माणसाला बसतो. नवीचें नाक मुद्दाम चुरगळतें, तो धक्का आपणच खातें." चालकापुढें हवेची उशीहि 2019 पासून नव्या गाड्यांत सक्तीची आहे. जुनीचा कार्ब्युरेटर गांवांतच खोलून साफ होतो, नवीला संगणक लावावा लागतो, एवढाच पद्मिनीचा कैवार आम्हांस घेतां आला.

लातुरास निघतांना नातू जुन्या गाडीचाच हट्ट धरूं लागला. आम्ही त्याला नवींत बसविलें आणि पट्टा स्वतः लावला.