शब्द कोणाच्या वहींतला?

म्हणी आणि बोलींतले टोमणे आभाळांतून पडत नाहींत. कोणी सावकाराच्या वहींत जन्मतो, कोणी मामलेदाराच्या कचेरींत, कोणी नांगराच्या तासांत. शब्द जुना झाला कीं त्याचें जन्मघर विसरलें जातें, आणि मग ज्याच्या पाठीवर ओढण्यासाठीं तो कोरडा निघाला, तोच माणूस तो हंसत हंसत बोलूं लागतो. आमच्या होटगीला वाडीची आणि गदगची अशा दोन रेल्वेच्या वाटा फुटतात. येथला शेतकरी मराठी व कानडी दोन्ही बोलतो. पण पैशाच्या बाबतींत त्याच्या तोंडीं असलेले तीन शब्द त्यानें एकदां उलटे करून पाहिले पाहिजेत.

पहिला शब्द 'अंगठेबहाद्दर'. अडाणी माणसाला हिणवण्यासाठीं हा आपण सर्रास वापरतों. जुन्या मराठी कागदांत कुणबी 'निशाणी नांगर' करीत असे. बाईच्या नांवापुढें 'निशाणी बांगडी' येत असे. अक्षर येत नव्हतें, पण सहीच्या जागीं निदान त्याचा धंदा उभा होता. पुढें इंग्रजी अमदानींत नांगर पुसला जाऊन शाईचा अंगठा आला. निशाणी कोणतीहि असो, तिच्यावर काय लिहिलें आहे तें लिहिणाऱ्यालाच ठाऊक! म्हणूनच १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतल्या सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें हिसकावून जाळलीं. त्यानंतर १८७९ सालीं दक्षिणी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो पुणें, सातारा, अहमदनगर आणि आपलें सोलापूर या चार जिल्ह्यांस लागू झाला. खतावरची रक्कम तशीच खरी न धरतां मूळ व्यवहार काय होता तें न्यायाधीशानें खणून पाहावें, असें त्यांत होतें. म्हणजे खालीं निशाणी असली तरी वरचें लिहिणें खोटें असूं शकतें, हें सरकारनेंच कबूल केलें! मग लाज कोणाला वाटावी? अंगठा देणाऱ्याला कीं खोटें लिहून तो घेणाऱ्याला? आज रेशनच्या दुकानांत पदवीधरहि यंत्रावर अंगठाच टेकवतो. त्याला मात्र अंगठेबहाद्दर कोणी म्हणत नाहीं.

दुसरा शब्द 'आणेवारी'. रुपयाचे १६ आणे, म्हणून भरपूर पीक म्हणजे सोळा आणे पीक. पीक ४ आण्यांच्या आंत आलें तर साऱ्याची वसुली तहकूब व्हावी, असा मुंबई इलाख्यांत नियम होता. १९१८ सालीं गुजराथेंतील खेडा जिल्ह्याचा सत्याग्रह याच हिशेबावरून झाला. रयत म्हणे पीक चार आण्यांच्या आंत आहे, अंमलदार म्हणत वर आहे. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं आणि आणा मेला. सरकारी कागदावर 'पैसेवारी' आली, ५० पैशांची रेघ आली, पण आमच्या तोंडीं आणेवारीच राहिली. शब्द राहिला याचें दुःख नाहीं. दुःख याचें कीं सोळा आणे म्हणजे एकरीं किती ज्वारी, हें कोणी विचारीत नाहीं! पिकाचें उत्पन्न ज्या प्रमाण उत्पन्नाशीं ताडून पाहावयाचें, त्या प्रमाणांतच सारी मेख आहे. २०१७ पासून दुष्काळ ठरवतांना पाऊस, जमिनीची ओल आणि आकाशांतून दिसणारी पिकांची हिरवळ हींहि पाहिलीं जातात. तरी पैसेवारी जाहीर होतेच. गांवच्या पैसेवारी समितींत सरपंच व शेतकरीहि असतात, आणि पहिल्या आंकड्यावर हरकत घेतां येते. पीककापणीच्या वेळीं बांधावर हजर न राहतां पारावर बसून आणेवारीला शिव्या देणें हें शहाणपणाचें नव्हे.

तिसरा शब्द 'दामदुप्पट', आणि याची गत सर्वांत वाईट झाली. मूळ हा ऋणकोच्या बाजूचा शब्द. व्याज मुद्दलाएवढें झालें कीं पुढें वाढूं नये, धनकोला एका वेळीं मुद्दलाच्या दुपटीहून अधिक मागतां येऊं नये, असा धर्मशास्त्रांतला हा नियम. मुंबई इलाख्यांत इंग्रजी कोर्टांनींहि तो हिंदु ऋणकोंना लागू केला. सावकाराच्या बैलाला घातलेली ही वेसण होती! आज तोच शब्द ठेवी गोळा करणाऱ्यांच्या फलकावर आमिष होऊन लटकतो. साधा हिशेब करा. दरसाल शेंकडा साडेसात चक्रवाढ व्याज मिळालें तर पैसे दुप्पट व्हायला साडेनऊ वर्षांहून अधिक काळ लागतो. दोन वर्षांत दुप्पट करतों म्हणणारा शेंकडा ४१ व्याज कबूल करीत असतो. एवढा नफा देणारा प्रामाणिक धंदा कोणता, हें त्यालाच विचारा. उलट जेथें हा शब्द हक्कानें वापरावयाचा, तेथें आपण मुके! २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यांतहि मुद्दलापेक्षां जास्त व्याजाचा हुकूमनामा कोर्टानें देऊं नये, अशी तरतूद आहे. परवान्याशिवाय सावकारी करणें हा गुन्हा आहे, आणि सावकारीच्या पोटीं गिळलेल्या जमिनीबद्दल जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करतां येतो. हें किती घरांत माहीत आहे?

कोणी म्हणेल, हें सारें शेटजी-भटजींचें कारस्थान. सत्यशोधकांनीं ती जोडी लोकांच्या तोंडीं घातली तेव्हां तिच्यांत अर्थ होता. शेटजीच्या हातीं वही होती आणि भटजीच्या हातीं लेखणी. पण हा शब्दहि तपासूनच वापरला पाहिजे. कुळकर्ण्यांचें वतन १९५० च्या कायद्यानें गेलें. आज वही धरणारा हात पुष्कळदां आपल्याच जातीचा, आपल्याच भावकीचा असतो, आणि आडनांव जुळलें म्हणून तो व्याजाची एक पै सोडीत नाहीं. जुनी शिवी देऊन मोकळें झालों तर हा नवा वहीवाला आपल्याच पंगतींत बसून हंसेल.

तेव्हां शिकलेल्या मुलामुलींस आमचें सांगणें एवढेंच. गांवची पैसेवारी जाहीर होईल त्या दिवशीं तो आंकडा चावडीवर मोठ्यानें वाचून दाखवा. आईबापांचा अंगठा कोणत्याहि कागदावर उमटण्याआधीं तो कागद त्यांना शब्दशः ऐकवा. आणि दामदुप्पटीची थाप घेऊन दारीं येणाऱ्याला त्या शब्दाचा खरा अर्थ सांगून परत पाठवा.